खड्याचं वजन वेगळं, सोन्याचं वेगळं

मागच्या वेळी आपण व्याजाचं बोललो होतो, शेकडा दोन आणि शेकडा तीन यात वर्षाअखेर किती फरक पडतो ते. आज वजनाचं बोलू. भात, नाचणी, वरई यांचं वजन तुम्हाला आम्ही शिकवायला नको, तिथं तुम्हीच आमच्या गुरू. आज बोलायचं ते गुंजेएवढ्या वस्तूच्या वजनाचं, कारण वस्तू जितकी लहान तितका तिचा हिशेब महाग पडतो.

झालं असं. शिमगा जवळ आला होता. दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेली माणसं गावात परतत होती, बाजार भरला होता. आमच्या एका गटातल्या ताई बैठकीला आल्या त्या कागदाची पुडी घेऊन. पुडीत पोवळ्याचा खडा. त्यांच्या मुलाला कुठं काम लागत नव्हतं. कुणीतरी सांगितलं, पोवळं घाला, सव्वापाच रत्तीचं घाला. ताईंनी भट्टीच्या पैशातून ३,१५० रुपये मोजून बाहेरगावच्या एका दुकानातून खडा आणला. पावतीवर एवढंच लिहिलेलं, ‘पोवळे ५.२५, रु. ३१५०’.

आम्ही विचारलं, ताई, हे ५.२५ म्हणजे काय? ताई म्हणाल्या, ग्रॅम असणार. शेजारची म्हणाली, अगं दुकानदार रत्ती म्हणाला ना? आणि गटातली बारावी झालेली पोरगी म्हणाली, खड्याचं वजन कॅरेटमध्ये असतं. तिघींची तीन उत्तरं, पावतीवर एकही नाही.

खडा घातल्याने काम लागतं की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं. आम्हाला विचाराल तर ते पैसे पोराला काम शोधायला नाशिकला जाण्यासाठी दिले असते. पण तो आजचा विषय नव्हे.

आधी आम्ही तो खडा गटाच्या काट्यावर ठेवला, ज्यावर आपण नाचणी-वरईच्या पिशव्या भरतो. काटा शून्यावरून हलेना. हलणार कसा? तो काटा पाच-पाच ग्रॅमने सरकतो. ग्रॅमाच्याही तुकड्यांचं वजन करायचं तर सोनाराचा काटा लागतो, ज्यावर टिंबाच्या पुढे दोन किंवा तीन आकडे दिसतात. मग जव्हारला ओळखीच्या सोनाराकडे गेलो. काचेच्या पेटीतल्या काट्यावर खडा ठेवला. आकडा आला ०.६४ ग्रॅम. ताई बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिल्या. सव्वापाच ग्रॅम समजून आणलेली वस्तू एक ग्रॅमही नव्हती.

आता फसवणूक झाली की नाही, हे समजायला रत्ती म्हणजे काय ते बघावं लागेल. रत्ती म्हणजे आपली गुंज. कुंपणावर चढणारा वेल, शेंग उकलली की लाल बी, तिच्यावर काळा ठिपका. पोरं जमवतात, खेळतात. (जाता जाता सांगतो, ही बी विषारी आहे, लहान पोराने चावून गिळली तर जिवावर बेतू शकतं. घरात ठेवू नका.) जुन्या काळी सोनार हीच बी वजन म्हणून ताजव्यात टाकत. आठ गुंजांचा एक मासा, बारा माशांचा एक तोळा. म्हणजे ९६ गुंजांचा तोळा. आपल्या आज्या अजून म्हणतात, ‘गुंजभर सोनं नाही घरात’, ते इथूनच आलं.

आम्हाला राहवेना, म्हणून गुंजा गोळा करून त्याच सोनाराकडे तोलून पाहिल्या. एकदा दहा गुंजांचं वजन १.१ ग्रॅम भरलं, दुसऱ्या दहांचं ०.९. एकाच वेलाच्या बिया, तरी फरक. मग व्यवहार बीवर कसा चालणार? म्हणून पुढे तोळ्याचं वजन ठरलं आणि गुंज त्याचा ९६वा भाग झाली. हिशेबात ती येते ०.१२१५ ग्रॅम, म्हणजे साधारण १२१ मिलिग्रॅम. सोनाराची रत्ती म्हणतात ती हीच.

पण खडे विकणारे पुष्कळ जण दुसरीच रत्ती धरतात. ती मोठी, साधारण १८० मिलिग्रॅमची. तिला पक्की रत्ती म्हणतात, आणि लहानीला कच्ची. नाव एकच, वजनात दीडपट फरक. घोळ होतो तो इथं. कुणी ‘सव्वापाच रत्ती’ म्हटलं की पहिला प्रश्न हा विचारायचा, तुमची रत्ती किती मिलिग्रॅमची?

कॅरेटचं तसं नाही. कॅरेट हे नावसुद्धा एका बीवरूनच आलं. पश्चिमेकडे भूमध्य समुद्राच्या काठी कॅरोब नावाचं शेंगांचं झाड होतं, तिथले व्यापारी त्याची बी वजनाला वापरत. म्हणजे तिकडच्या बायकांची ती गुंजच म्हणा. तिथंही गावोगावचा कॅरेट वेगवेगळा होता. शेवटी १९०७ साली वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ठरलं, एक कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम. आता मुंबईत, सुरतेत, परदेशात, कुठंही जा, खड्याचा कॅरेट एकच. पाच कॅरेटचा एक ग्रॅम.

आता हे लक्षात कसं ठेवायचं? बैठकीत आम्ही एक युक्ती काढली, ती सगळ्यांना जमली, सही शिकलेल्या आजींनासुद्धा. एक ग्रॅम म्हणजे एक रुपया समजा. रुपयाचे पैसे शंभर. मग कॅरेट म्हणजे वीस पैशाचं नाणं. कच्ची रत्ती म्हणजे बारा पैसे. पक्की रत्ती अठरा पैसे. मासा म्हणजे ९७ पैसे, जवळजवळ रुपयाच. आणि जुना तोळा म्हणजे ११ रुपये ६६ पैसे.

आता बघा किती सोपं जातं. कुणी म्हणालं, खडा तीन कॅरेटचा आहे. तीन नाणी वीस पैशांची, झाले साठ पैसे, म्हणजे ०.६० ग्रॅम. उलटं करायचं असेल, काटा ०.८० ग्रॅम दाखवतोय, तर ऐंशी पैशात वीस पैशाची नाणी किती? चार. चार कॅरेट. ज्यांना गुणाकार सोपा वाटतो त्यांनी ग्रॅमला पाचाने गुणावं, उत्तर कॅरेटमध्ये येतं. कॅरेटला पाचाने भागलं की ग्रॅम. हिऱ्याच्या चमकीचं वजन ‘सेंट’मध्ये सांगतात. शंभर सेंटचा एक कॅरेट. दहा सेंटचा हिरा म्हटलं तर कानाला मोठं वाटतं, पण वजन अवघं ०.०२ ग्रॅम, आपल्या हिशेबात दोन पैसे.

मग ताईंच्या पोवळ्याचं काय? सव्वापाच कच्च्या रत्ती, म्हणजे सव्वापाच गुणिले बारा पैसे, ६३ पैसे. काट्यावर आले ६४. म्हणजे दुकानदाराने वजनात मारलं नव्हतं, कच्ची रत्ती धरून बरोबर दिलं होतं. पण त्याने ती कच्ची आहे हे सांगितलं नव्हतं. सव्वापाच पक्क्या रत्ती असत्या तर ९४ पैसे भरले असते. ज्याने सव्वापाच रत्ती घालायला सांगितलं त्याला विचारलं, तर तो पक्की रत्ती म्हणत होता!

आणि भावाची गंमत ऐका. ताई त्या दिवशी दोन दुकानं फिरल्या होत्या. पहिल्या दुकानात भाव होता ७०० रुपये कॅरेट. दुसऱ्यात ६०० रुपये रत्ती. ताईंनी ६०० वाला स्वस्त म्हणून घेतला. कुणीही घेतला असता. आता वजन एका मापात आणून बघू. खडा ०.६४ ग्रॅम, पाचाने गुणलं, ३.२ कॅरेट. पहिल्या दुकानाच्या भावाने झाले असते २,२४० रुपये. ताईंनी दिले ३,१५०. म्हणजे ९१० रुपये जास्त, भट्टीवरच्या कितीतरी विटा. तोच ६०० रुपयांचा भाव पक्क्या रत्तीचा असता तर मात्र ताई फायद्यात राहिल्या असत्या. पोवळं पोवळ्यासारखं नसतं, रंगात, जातीत फरक असतो, ते मान्य. पण आधी वजन एका मापात आणायचं, मग जात बघायची.

आम्ही दोघी ताईंबरोबर त्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, आमच्याकडे रत्ती हीच चालते. पैसे परत मिळाले नाहीत. पावतीवर मापच लिहिलेलं नव्हतं, भांडणार कशावर? नवी पावती तेवढी लिहून घेतली, ०.६४ ग्रॅम, ३.२० कॅरेट असं. आपल्या देशात १९५६ साली कायदा झाला आणि १९५८ पासून किलो-ग्रॅम आले. आताचा वैध मापनशास्त्राचा कायदा २००९ चा आहे. त्याप्रमाणे व्यवहार ग्रॅम-किलोत व्हायला हवा, खड्यांसाठी २०० मिलिग्रॅमचा कॅरेट चालतो. रत्ती, मासा, तोळा ही बोलण्यातली मापं. बोला खुशाल, पण कागदावर ग्रॅम लिहून घ्या.

कॅरेटचा दुसरा एक घोटाळा आहे. सोन्याच्या दुकानातही कॅरेट ऐकू येतो, २२ कॅरेट, १८ कॅरेट. तो वजनाचा कॅरेट नव्हे. तो शुद्धतेचा. सोन्याचे २४ भाग केले तर त्यात किती भाग खरं सोनं, ते तो सांगतो. २२ कॅरेट म्हणजे २२ भाग सोनं आणि दोन भाग तांबं-चांदी वगैरे. हजारात मोजलं तर ९१६, म्हणून दागिन्यावर ९१६ दिसतं. १८ कॅरेटला ७५०. आमच्या एका मैत्रिणीला वाटायचं की २२ कॅरेटची अंगठी १८ कॅरेटच्या अंगठीपेक्षा जड असते. हसू नका, शब्दच एक आहे तर तिने काय करायचं? खड्याच्या अंगठीच्या पावतीवर हे दोन्ही कॅरेट एकाखाली एक असतात.

आता ज्यात सगळ्यात जास्त पैसा जातो त्याकडे येऊ. आपण सुटे खडे क्वचित घेतो. घेतो ते खड्यांचं पदक, झुमके, नथ, मंगळसूत्र. त्यात सोनं असतं, खडे असतात, काळे मणी असतात, कधी आतून लाख भरलेली असते, कधी दोरा. काटा सगळ्यांचं मिळून एकच वजन दाखवतो. ते एकूण वजन. त्यातून खडे, मणी, लाख, दोरा वजा केले की उरतं ते निव्वळ सोनं. सोन्याचा भाव निव्वळ वजनालाच लावायचा.

समजा पदकाचं एकूण वजन ६.४० ग्रॅम. सोनार म्हणाला, खडे चार कॅरेटचे आहेत. चार कॅरेट म्हणजे ऐंशी पैसे, ०.८० ग्रॅम. निव्वळ सोनं राहिलं ५.६० ग्रॅम. भाव रोज बदलतो, आपण हिशेबाला सोपा म्हणून ग्रॅमला १०,००० रुपये धरू. एकूण वजनाला भाव लावला तर ६४,०००, निव्वळाला लावला तर ५६,०००. आठ हजारांचा फरक. खडे साधे काचेचे असतील तर ते आठ हजार काचेला गेले. खड्यांचे पैसे जरूर द्या, पण खड्याच्या भावाने, वेगळ्या ओळीत. आणि हाच दागिना मोडायला नेला की सोनार पहिलं काम काय करतो? खडे वजा करतो. घेताना खडे सोन्यात, मोडताना खडे कचऱ्यात, हे आपल्या बायकांनी फार वर्षं सोसलं आहे. सोनतारण कर्जालाही बँक खडे-मणी धरत नाही, नुसत्या सोन्याची किंमत धरते. त्यामुळे अडीनडीला हा दागिना गहाण ठेवून एवढे पैसे उभे राहतील, असं मनात धरताना निव्वळ वजनच धरा. गहाण पावतीवर, मग ती बँकेची असो की परवानाधारक सावकाराची, एकूण आणि निव्वळ दोन्ही वजनं ग्रॅममध्ये लिहिलेली हवीत. दागिना सोडवून आणताना पुन्हा तोलून, त्या आकड्यांशी जुळवून घ्यायचा.

हॉलमार्कचं थोडक्यात सांगतो. जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने जिल्ह्याजिल्ह्यांत सोन्याच्या दागिन्यांवर हॉलमार्क सक्तीचा होत गेला. १ एप्रिल २०२३ पासून त्यावर सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी असलाच पाहिजे. मोबाईलवर ‘बीआयएस केअर’ ॲप आहे, त्यात ते सहा अक्षर-आकडे टाकले की दागिना खरा नोंदलेला आहे का ते कळतं. गटात एकीच्या तरी मोबाईलवर ते असू द्या. हॉलमार्कच्या दागिन्याच्या पावतीवर प्रत्येक नगाचं नाव, सोन्याचं निव्वळ वजन, शुद्धता आणि हॉलमार्कचा खर्च वेगळा लिहायचा असतो. पण दोन गोष्टी ध्यानात घ्या. हॉलमार्क सोन्याची ग्वाही देतो, खड्याची नाही. आणि दोन ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला त्यातून सूट आहे. आता आपण घेतो काय? नाकातली फुली, दोन मणी, पोरीच्या कानातले. सगळं दोन ग्रॅमच्या आतलं! म्हणजे आपल्याला पावती हाच आधार.

तोळ्यावरून एका घरात काय झालं तेही सांगायला हवं. दोघी जावा आमच्याच ग्रामसंघातल्या. सासूबाई थकल्या तेव्हा म्हणाल्या, दोघींना एकेक तोळा देते. थोरलीला स्वतःच्या आईकडून आलेली जुनी मण्यांची माळ दिली, धाकटीला नवी पोत करून दिली. पुढे धाकटीला पैशांची गरज पडली, पोत तोलली, दहा ग्रॅम. थोरलीची माळ सहज म्हणून तोलली, ती ११.६ ग्रॅम. झालं! सासूने डावंउजवं केलं म्हणून धाकटी एक पावसाळाभर थोरलीशी बोलली नाही. लावणीलाही एकमेकींच्या शेतात गेल्या नाहीत. सासूबाईंचा दोष काहीच नव्हता. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, आताचे सोनार तोळा म्हणजे सरळ १० ग्रॅम धरतात. म्हातारीच्या तोंडी शब्द तोच राहिला, आतलं वजन बदललं. फरक १.६६ ग्रॅमचा, आपल्या धरलेल्या भावाने १६,६०० रुपये. लहान नाही. हे दोघींना कागदावर मांडून दाखवलं तेव्हा बोलणं सुरू झालं. फरकाचं काय करायचं ते त्यांनी घरात ठरवलं, आम्ही विचारलं नाही.

जुना तोळा हातात धरून बघायचा असेल तर आजीच्या गळ्यातली रुपयांची माळ बघा. इंग्रजांच्या वेळचा चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक तोळा. त्याचंच वजन करून माल तोलत, त्याला ‘रुपयाभार’ म्हणत. असे ऐंशी रुपये म्हणजे पक्का शेर. ही माळ मोडायची वेळ आली तर प्रत्येक रुपयावरचं साल वाचा. १९४० च्या आधीच्या रुपयात हजारात ९१७ भाग चांदी आहे. १९४० पासूनच्या रुपयात चांदी निम्मीच. आणि १९४७ चा रुपया निकेलचा, त्यात चांदी नाहीच, लोहचुंबक लावला तर चिकटतो. तिघांचं वजन मात्र सारखंच भरतं. म्हणून सगळी माळ एकदम ताजव्यात टाकू देऊ नका, नाणी निवडून वेगळी तोला. आमचं मत विचाराल तर जुनी माळ मोडूच नका, पण दुखणं-बाणं विचारून येत नाही, हे आम्हालाही कळतं.

काट्यावर शंका आली तर वैध मापनशास्त्र विभागाचा पडताळणीचा शिक्का विचारायचा हक्क आपल्याला आहे. तोलण्याआधी काटा शून्यावर आहे ना ते बघा, पंखा बंद करायला सांगा, एवढ्या बारीक काट्याला वाराही लागतो. दुकानदार पावतीच देत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा.

आता एक गणित देतो, घरी सोडवा. नथीचं एकूण वजन ३.१० ग्रॅम. मोती आणि खडे मिळून अडीच कॅरेट. निव्वळ सोनं किती? वीस पैशांची नाणी मांडून करा, पोरांना विचारू नका. उत्तर पुढच्या बैठकीत एकमेकींशी ताडून बघू. आणि बैठकीला येताना घरात असतील तेवढ्या सोनाराच्या पावत्या घेऊन या. दागिने मात्र घरीच ठेवा.